घागरीतून पडणारं पाणी

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला मासा दाखवलात आणि माझं तोंड वाकडं झालेलं पाहून हसलात. "आजी, तू तर खातेस ना?" असं विचारलंत. खाते. पण गेले काही महिने मला ते नको झालं आहे. त्याचं कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. जेवण झाल्यावर वाचा.

मी उभी हयात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, तेही इंग्रजीतून. बेडूक, गांडूळ, झुरळ, कशाचीही मला किळस येत नाही. फॉर्मॅलिनच्या वासानं इतरांचं डोकं दुखतं, मला तो घरचा वाटतो. माझी किळस वेगळ्या जागी आहे. घाणीला स्वच्छता म्हणणारी माणसं मला बघवत नाहीत.

तुम्ही लहान असताना तामलवाडीच्या या घरी आला होतात तेव्हा घरामागच्या रस्त्यापलीकडे रिकामं रान होतं. आता तिथं गावातल्या बायकांच्या बचत गटानं सिमेंटची एक लांबट टाकी बांधली आहे. वर हिरवी जाळी, शेजारी पावसाच्या पाण्याचं शेततळं. टाकीत गट माशांची पिल्लं वाढवतो. अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून येतात. ती इतकी बारीक असतात की त्यांना जिरंच म्हणतात. डोळ्यांचे दोन काळे ठिपके आणि मागे काचेची शेपूट, बस. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा खाऊन ती बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणतात. मग ज्यांनी गावोगावचे तलाव ठेक्यानं घेतलेले असतात ते लोक ती विकत नेतात.

टाकीची राखण माझ्या शेजारच्या घरातल्या सुनेकडे होती. वयानं तुमच्या मोठ्या ताईएवढी. बारावीपर्यंत शिकलेली, दिवस राहिलेले, पोट नुकतंच दिसू लागलेलं. सासूला ती आत्या म्हणते, तशी आमच्याकडे रीतच आहे. गटाचं पुढारपण सासूकडे, कारण बाई बोलकी आणि धीट. घर बौद्ध. नवस, अंगारा, भगत असल्या गोष्टींना त्या घरात थारा नाही, आणि त्याचा सासूला अभिमान आहे. मलाही तिचं ते आवडायचं.

गटाची बैठक बुद्धविहाराच्या ओट्यावर भरते आणि तो ओटा माझ्या खिडकीखाली आहे. मी कान लावून बसत नाही, पण आमच्याकडच्या बायका कुजबुजत नाहीत. एका दिवशी आवाज चढलेले होते. टाकीतली पिल्लं नीट वाढत नव्हती. मरतही नव्हती. तळाशी पडून राहायची, हात घातला तरी पळायची नाहीत.

गटात एक मावशी आहे. गावातल्या प्रत्येक घराचं तिला आधी कळतं. ती म्हणाली, "म्या पयल्यापासनं सांगत होते. दोन जिवाची बाई टाकीवर कशाला? तिची सावली पडून मासळी बधिर झाली."

"असं कुटं असतं व्हय मावशी?" कुणीतरी हसून म्हणालं.

"असतं न्हाय तर काय! पोटातलं बी तसंच निपजंल बघा, बधिर. मग म्हनाल मावशीनं सांगितलं न्हाय."

दोघीतिघी हसल्या. हसणं मला ऐकू आलं, आणि त्यानंतर मी ज्याची वाट पाहत होते ते मात्र ऐकू आलं नाही. सासू काही बोलली नाही. एरवी सावली, दृष्ट असलं कुणी बोललं की ही बाई त्याची पाठ सोलून काढायची. आता सुनेवर आलं तर गप्प. का, ते मला मागाहून समजलं. ठरलं असं की सुनेनं आठवडाअखेरीला टाकी सोडायची आणि राखण मावशीच्या भाचीकडे द्यायची.

त्याच संध्याकाळी सून स्टीलच्या दोन वाट्या घेऊन माझ्याकडे आली. डोळे सुजलेले, पण हात स्थिर.

"आजी, तुम्ही मासे शिकवायच्या ना कॉलेजात? बघा ही. मरत बी न्हाईत अन् जगत बी न्हाईत."

मी वाट्या खिडकीपाशी घेतल्या आणि माझं जुनं भिंग काढलं. पहिल्या वाटीत टाकीतली पिल्लं होती, त्यांच्याकडे बघितलं आणि मला शिसारी आली. अंगावर पांढुरका बुळबुळीत थर. काहींच्या पाठी किंचित वाकलेल्या. कल्ले जोरजोरात उघडत-मिटत होते, पण शरीर जागचं हलत नव्हतं. भिंगाखाली मी पुष्कळ मेलेलं आणि सडलेलं पाहिलं आहे. हे सडलेलं नव्हतं, जिवंत होतं आणि जिवंतासारखं वागत नव्हतं. वाटी खाली ठेवून मी हात साबणानं धुऊन आले.

दुसऱ्या वाटीत मात्र चपळ, निरोगी पिल्लं. वाटीला बोट टेकवलं की सगळी एका झटक्यात पलीकडे.

"ही कुठली?"

"ही बी आपलीच. त्याच पिशवीतली. टाकीत दाटी झाली असती म्हणून थोडं जिरं मी निळ्या ड्रमात ठेवलं होतं. शेततळ्यातलंच पाणी, तीच पेंड."

"आणि बघतं कोण त्यांच्याकडे?"

"मीच की."

तेव्हाच अर्धी गोष्ट उलगडली. जिरं एक, पेंड एक, शेततळं एक, आणि सावलीसुद्धा एकाच बाईची. बिचारी ड्रमवरही तेवढीच वाकत होती.

मी चमचा घेऊन निरोगी वाटीतलं पाणी हळूच गोल फिरवलं. पिल्लं क्षणात वळली, प्रवाहाकडे तोंड करून उभी राहिली आणि जागा धरून पोहू लागली. मासा असंच करतो. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना, डोक्यापासून शेपटीपर्यंत, सूक्ष्म केसांचे झुबके असतात. पाणी कुठून येतंय, शत्रू कुठून येतोय, हे त्याला त्या केसांनी समजतं. मग टाकीतल्या पिल्लांच्या वाटीतलं पाणी तसंच फिरवलं. पिल्लं पाण्याबरोबर फिरत राहिली, चहात गाळणीतून निसटलेली पत्ती फिरते तशी. एकही वळलं नाही.

"टाकीत येणारं पाणी ड्रमापेक्षा वेगळं आहे का कुठं?" मी विचारलं.

तिनं दोन्ही वाट्या उचलल्या. मग म्हणाली, "सकाळी या आजी. मी बोलले तर आत्यांवर येईल. तुमच्या तुम्हीच बघा."

सकाळी मी गेले. जाळीखाली वाकून जावं लागतं. आत आंबलेल्या पेंडीचा वास इतका दाट की तो जिभेवर येतो. मी पदर नाकाला लावला. टाकीच्या कडेला विटा रचून त्यावर तांब्याची एक मोठी घागर बसवली होती. शेततळ्याचा पाइप त्या घागरीत सोडलेला, घागर भरून वाहिली की पाणी टाकीत. आणि सासू पदर खोचून घागर घासत होती, चिंच आणि मीठ लावून. घागर लालबुंद चमकत होती. चिंचेचा चोथा काळा-हिरवा झाला होता. तिनं तो हातात पिळला, तसा हिरवट लगदा बोटांमधून बाहेर आला, आणि मग तांब्याभर पाण्यानं घागर विसळून तिनं ते पाणी सरळ टाकीत ओतलं. वर फेसाची एक चकती तरंगली. खालून दोन-चार पिल्लं अन्न समजून तोंडं वासत वर आली.

ओकारी होणार असं वाटलं, म्हणून मी विटांना धरून उभी राहिले.

"या बाई, बसा. काय झालं? ऊन लागलं का?" सासू म्हणाली.

"ही घागर इथं कशाला?"

"पानी शुद्ध व्हाया. तुमाला तर ठाव हाय, आमी देव-देवस्की मानत न्हाय. पन हे सायन्स हाय बाई. तांबं जंतू मारतं. फोनमदी डॉक्टरच सांगतो, पांढरा कोट घालून."

"पांढरा कोट न्हावीपण घालतो."

"घ्या! तुमी लई शिकल्या, तवा तुमाला समदं खोटंच वाटतं." ती हसली, पण हात थांबला नव्हता. "रोज घासते म्या. जरा बी डाग ठेवत न्हाय. पिल्लांची काळजी मला न्हाय व्हय?"

हीच तर खरी गोष्ट होती. ती काळजीनंच करत होती. आळशी बाई असती, घागर न घासता काळी ठेवली असती, तर पिल्लांना एवढा त्रास झाला नसता. घागरीवरचा काळा थर तांब्याला थोडंफार अडवतो. चिंचेनं तो थर रोज उतरायचा आणि विरघळलेलं तांबं रोज टाकीत जायचं. तेही थोडंथोडंच. म्हणून पिल्लं मरत नव्हती, आणि म्हणून कुणाला संशय येत नव्हता.

मी तिला विचारलं, "कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात तुम्ही ताक ठेवाल का?"

"बया! ताक कळकंल की."

"कळकलेलं ताक पिऊन काय होतं?"

"उलट्या. माझ्या चुलत्याला झाल्या हुत्या." आणि मग तिचा हात थांबला. तिनं मुठीतल्या चोथ्याकडे बघितलं. "पन हे तर पानी हाय."

"चिंच लावल्यावर ते नुसतं पाणी राहत नाही."

चोथा तिनं टाकीपासून दूर फेकला, हात लुगड्याला पुसले आणि पाठ करून निघून गेली. सावलीची गोष्ट निघाली तेव्हा ती गप्प का बसली होती, ते मला त्या पाठीवरून समजलं. घागर कुणाच्या लक्षात येण्यापेक्षा सुनेची सावली लक्षात आलेली तिला सोयीची होती. तिला आधीपासून कळलं होतं असं मी म्हणणार नाही. पण मनात कुठं तरी खडा टोचत असणार.

आता तुम्हाला पडलेला प्रश्न. पिल्लं मेली नाहीत, तर मग त्यांना झालं तरी काय?

मी शिकवायचे तेव्हा जनुक म्हणजे आईकडून काय आलं आणि बापाकडून काय आलं, एवढाच बहुतेक विषय. आता सगळ्यांना माहीत आहे की जनुक असणं वेगळं आणि ते कामाला लागणं वेगळं. प्रत्येक पेशीजवळ सगळ्या शरीराची कृती लिहिलेली असते, पण कुठलं पान कधी उघडायचं याला वेळ ठरलेली असते. वाढत्या पिल्लात तर ही वेळ फार काटेकोर. आज डोळा, उद्या कल्ला, परवा ते केसांचे झुबके. अशा वेळी पाण्यातून थोडा धातू आत आला की पेशीला तो पकडून ठेवणारी प्रथिनं घाईनं बनवावी लागतात. त्या प्रथिनांची जनुकं एकदम जोरात चालू होतात, आणि ज्यांची तेव्हा पाळी होती त्यांतली काही मंदावतात. लग्नाच्या मांडवाला आग लागली तर आचारी भात सोडून पाणी घेऊन धावतो. आग विझते, मांडव वाचतो, लांबून बघणाऱ्याला काहीच झालेलं दिसत नाही. पंगतीत मात्र कच्चा भात पडतो. शिवाय तांबं त्या केसांच्या पेशींना थेटही मारतं आणि माशाचं वास घेणंही बिघडवतं.

जनुकं मला दिसली नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगते. त्यासाठी प्रयोगशाळा लागते आणि माझ्याजवळ दोन वाट्या आणि एक चमचा होता. मला फक्त पिल्लांचं वागणं दिसलं. पण पुस्तकात जे वाचलं होतं त्याच्याशी ते इतकं जुळत होतं की त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सून पुन्हा आली. या वेळी हातात काही नव्हतं. दारातच उभी राहून तिनं विचारलं, "आजी, त्या घागरीतलं पाणी आत्या मला बी द्यायच्या. रोज सकाळी, पोटातल्यासाठी चांगलं म्हणून. मावशी म्हणती तसं तर न्हाय ना व्हायचं?"

तिचा आवाज अगदी साधा होता. मला त्या मावशीचा तिटकारा आला. मग मी सुनेला आत घेऊन बसवलं. सांगितलं की माणसाच्या शरीराला थोडं तांबं लागतंच, जादा आलेलं आपलं यकृत बाहेर काढतं. माशाचं पिल्लू चोवीस तास त्या पाण्यातच राहतं आणि त्यातूनच श्वास घेतं, तुझं बाळ तसं नाही. पण यापुढे ते पाणी बंद, आणि डॉक्टरीण बाईंना हे जसंच्या तसं सांग. ती गेली, सांगून आली. डॉक्टरीण बाई काळजीचं कारण नाही म्हणाल्या. तरी तिच्या मनातून ते गेलं असं मला वाटत नाही.

घागर निघाली. पण टाकीत वाढलेली बोटुकली तशीच होती, आणि गिऱ्हाईक यायचं ठरलेलं होतं. तेर गावाकडचे एक चाचा, तलाव ठेक्यानं घेणारे, दरवर्षी येणारे. गट पुन्हा ओट्यावर बसला. वाट्यांची गोष्ट सुनेनं सगळ्यांना दाखवून सांगितली. बायकांनी ऐकून घेतली. आणि मग ठरलं की चाचांना काही बोलायचं नाही. टेम्पोतल्या ड्रममध्ये भरल्यावर कोण बघतंय? तलावात सोडल्यावर कुणाची कुठली, कोण ओळखतंय?

"अन् नंतर काय वाढली न्हाईत तर तळ्याचा दोष," मावशी म्हणाली. सगळ्या हसल्या.

खिडकीत मी होते. टाकीचा वास परवडला, असं मला वाटलं. चाचांना फसवण्याविरुद्ध सुनेनं तिथं तोंड उघडलं नाही. टाकी तिच्याकडून काढायचं ठरलेलंच होतं, तो ठराव कुणी मागे घेतला नव्हता. गप्प राहिली तर कदाचित घेतला असता. बोलली तर सगळा गट विरोधात, सासूसकट.

चाचा छोट्या टेम्पोतून आले तेव्हा मीही टाकीपाशी होते. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, हातात बारीक जाळी. येताच म्हणाले, "काय आक्का, यंदा माल कसा? गेल्या साली तुमच्या रोहूनं इज्जत राखली आमची."

"एकदम चांगला, चाचा," सासू म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

ड्रम भरायला लागले. सून बादल्या पुरवत होती. एक बादली तिनं चाचांच्या पायाशी ठेवली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि पाणी गोल फिरवलं. बोटुकली त्याबरोबर फिरायला लागली. चाचांनी वाकून बघितलं. तलावावर आयुष्य गेलेला माणूस, त्यांना शिकवायची गरज नव्हती.

"चाचा, ही नेऊ नका," ती म्हणाली. "बगळा आला तर हलायची न्हाईत."

टेम्पोचं इंजिन तेवढं चालू होतं.

चाचा सरळ उभे राहिले. "बरं झालं सांगितलंस बेटा. मी नेली असती तर बगळ्यांची दावत झाली असती, अन् बिल माझ्या नावावर." त्यांनी ड्रम रिकामे करवले. जाताना म्हणाले, "पुढचा माल तू बघणार असशील तर मला फोन कर. दुसऱ्या कुणाचा घेणार नाही."

टेम्पो वळला आणि बायकांना कंठ फुटला. मला वाटलं सुनेवर तुटून पडतील. पण चाचांचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं. मावशीनं एका दमात सूर बदलला.

"पोरीचा दोष न्हाईच की! घागर कुनी ठेवली? सुनंवर ढकलून सासू गप बसली. असली सासू!"

तीच जीभ, तोच स्वाद घेत बोलणं, आणि त्याच दोघीतिघींचं हसणं. काल सुनेचं पोट होतं, आज सासूची घागर. सासू टाकीच्या कठड्याला टेकून उभी होती. तिची मला कीव आली नाही असं नाही, पण त्या हसण्याची किळस त्याहून मोठी होती. मी घरात निघाले होते.

"आत्यांना कुणी बोलायचं न्हाय," सून म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "सावलीचं बोलत होता तवा कुणी आडवं आलं न्हाय. आता बी कुणी शहाणं होऊ नका. टाकी उपसायची आहे. ज्यांना हात लावायचाय त्यांनी थांबा, बाकीच्यांनी घरी जा."

मावशी पदर सावरत म्हणाली, "अगं, म्या तर तुज्याच बाजूनं..."

"मग बादली धरा मावशी."

मावशीनं बादली धरली. दुपारभर त्यांनी टाकी उपसली. ती सगळी बोटुकली खड्ड्यात गेली, वरून चुना. तो वास माझ्या घरात दोन दिवस होता, आणि तुम्ही मला मासा दाखवलात तेव्हा मला तोच आला.

टाकी सुनेकडेच आहे. सासू आधी काही दिवस तिकडे फिरकली नाही. मग एका सकाळी जाळीच्या बाहेर येऊन उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही. "पोरी," तिनं विचारलं, "मी काय करू?"

सुनेनं मान वर केली नाही. "पेंड भिजवा आत्या," ती म्हणाली, "प्लास्टिकच्या टबात."